तिरकी रेघ

पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ,
गेलेल्या माणसावर एक तिरकी रेघ.
एवढ्याच भांडवलावर मी
दर दुसऱ्या गुरुवारी बेथेस्डाला येते.
ग्रंथालयामागच्या खोलीत सरकारी आरोग्यसेवेने
एक टेबल, तीन खुर्च्या आणि
कुरकुरणारा हीटर दिला आहे.
खोडरबर मी माझा आणते.

समोर टेग्वेन. शाळेच्या स्वयंपाकघरात वाढपी.
गेल्या साली तिच्या आतड्यातून काढलेली गाठ
लिंबाएवढी होती, असं ती सांगते
आणि हाताने दाखवते ती संत्र्याएवढी.
कार्डिफच्या प्रयोगशाळेने तिचं रक्त वाचलं :
एका जनुकात एक अक्षर गळलं आहे.
आणि जनुक तरी कोणतं,
तर पेशी स्वतःची नक्कल उतरवत असताना
मागून चुका दुरुस्त करत जाणारं.
"म्हणजे मुद्रितं तपासणाराच झोपला," मी म्हणते.
"आमच्या शाळेत असं झालं, तर चौकशी लावतात."
हीच ती चौकशी, बाई.

आजोबा?
"इद्वाल. खाणीच्या धुळीने गेला."
किती वर्षांचा?
"एकेचाळीस."
खोकायचा?
ती थांबते.
"नाही. जेवायचा नाही."

मोर्विद मावशी?
"देवाने नेली."
कुठे धरून नेली?
"पोटात."

इथल्या डोंगराने कितीजणांचा आळ
स्वतःवर घेतला असेल, कोण जाणे.
मी रेघा मारत जाते.
याच डोंगरातून दूरदूरच्या शाळांना पाट्या गेल्या;
कोरी पाटी घेऊन मात्र
इथं कोणीच जन्मलेलं नाही.

पणजोबांना भाऊ होता का?
पेन्सिल उजवीकडे सरकते तशी
ती माझं मनगट धरते. "तिकडे नको."
संपाच्या तिसऱ्या वर्षी, मुलं उपाशी असताना,
तो कामावर परतला.
तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव घेत नाहीत.
नाव नसलं तरी चौकोन लागतो.
मी काढते, आणि खालची जागा रिकामी ठेवते.
ती त्या जागेकडे बघत राहते.
"नदीपलीकडे पांढऱ्या दाराचं घर.
त्याची नात, म्हातारी झाली आता. तिचा मुलगा.
त्याच्या दोन मुली.
धाकटीला वाटाणे आवडत नाहीत.
रोज माझ्याच डावाखाली ताट धरते."

नियम असा, की आम्ही त्यांचं दार ठोठवायचं नाही.
पत्र आम्ही लिहून देतो,
न्यायचं रक्ताच्याच माणसाने.
तपासणीला पैसे पडत नाहीत.
नदीवरचा पूल ओलांडायला काय पडतं,
ते आमच्या अंदाजपत्रकात नाही.

टेग्वेन पाकिटं पर्समध्ये ठेवते.
सहा आठवडे काहीच नाही.

मग एका मंगळवारी फोन. मेदविन नावाचा माणूस.
"इथं एक पत्र आलंय. वर 'प्रिय नातेवाईक' लिहिलंय.
हे कोणी लिहिलं?"
मी सांगते, छापील मायना आहे,
सगळ्यांना हाच जातो.
तिकडे किटली शिट्टी घालू लागते, कोणीतरी ती उतरवतं.
"आई म्हणते, त्या घराने आम्हाला
हे याआधी कधी म्हटलं नव्हतं."

मेदविनने रक्त दिलं.
म्हातारीने नाही; तिचं पाकीट
घड्याळामागे तसंच आहे, न फोडलेलं.
तो तिचा हक्क. मी तसं नोंदवते.
मेदविनचं उत्तर यायला अजून अवकाश आहे.
नाणं हवेत आहे,
आणि त्याच्या खाली दोन लहान वर्तुळं.

परवा टेग्वेनला विचारलं, दारात काय झालं?
"आत बोलावलं नाही.
पत्र घेतलं, माझ्या बुटांकडे बघितलं.
पण मी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत
दारही लावलं नाही तिने."

याला आमच्या तक्त्यात खूण नाही.
समासात लिहून ठेवलं.